वेदनाशामकांचा विवेक

भोपाळ शहराच्या पूर्वेस, रायसेनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आनंदनगर नावाची वस्ती आहे. मागे एका हिवाळ्यात आम्ही तेथे एका वयोवृद्ध आप्तांकडे मुक्कामास होतो. कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ मितभाषी आणि आपल्या दुखण्याचा गवगवा न करणारे. एका पहाटे त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. शेजाऱ्यांनी तत्परतेने कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी आणून दिली. दुकानदाराने ना डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ना रुग्णाचे वय विचारले, ना त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे काय याची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी पुरेसा उतार पडेना, म्हणून आणखी एका हितचिंतकाने वेगळ्या नावाची गोळी सुचविली. नावे दोन असली तरी दोन्ही गोळ्यांतले औषध एकच होते, हे मागाहून कळले. चौथ्या दिवशी अंगठा शांत झाला, परंतु लघवी उतरेनाशी झाली, पावलांवर सूज चढली आणि रुग्णालय गाठावे लागले. मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थंडावले होते. गोळ्या वेळीच बंद झाल्या म्हणून प्रसंग निभावला.

हा प्रसंग पेडण्यापासून काणकोणापर्यंत आपल्याकडच्या कोणत्याही गावात घडू शकतो, म्हणूनच त्याची येथे नोंद करीत आहोत. ज्या दुखण्याने आमच्या आप्तांना गाठले त्याला आधुनिक वैद्यक ‘गाउट’ म्हणते. आयुर्वेदातील वातरक्ताचे वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. रक्तातील युरिक आम्ल प्रमाणाबाहेर वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचतात आणि एखाद्या रात्री अचानक दाहाचा भडका उडतो. मद्य, विशेषतः बिअर, मटण आणि काळीज-कलेजीसारखे अवयव, तारले, तिसऱ्या, साखरेची पेये, तसेच उन्हात घाम गाळून पाणी न पिणे या साऱ्यांचा या भडक्याशी संबंध आहे. गोमंतकीय ताटाची आणि मेजवान्यांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यापुढे अधिक सांगण्याची गरज नाही. तथापि सारा दोष जिभेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शरीराची जातकुळी आणि युरिक आम्ल बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची शक्ती यांचा वाटा यात मोठा असतो. रक्तदाबावरील कित्येक संयुक्त गोळ्यांत लघवी वाढविणारे जे औषध मिसळलेले असते, तेही युरिक आम्ल वाढविते. आमच्या आप्तांची गोळी अशाच जातीची होती.

गाउटची वेदना ज्याने भोगली आहे त्याला ‘थोडे सोसा’ असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. वेदना शमविणे हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य आहे आणि दाहशामक गोळ्या त्यासाठी खरोखर उपयोगी पडतात. नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन, डायक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब ही त्यांतली परिचित नावे. भडका उडताच, डॉक्टरांनी ठरविलेल्या पूर्ण मात्रेत त्या सुरू कराव्यात आणि भडका शमताच थांबवाव्यात, ही मान्य रीत आहे. तेव्हा आमचा आक्षेप औषधाला नाही. कोणी घ्यावे, किती दिवस घ्यावे आणि कोणत्या औषधाबरोबर घेऊ नये, हे तीन प्रश्न न विचारताच ते घेतले जाते, याला आहे.

या प्रश्नांचे मोल किती, हे त्याच भोपाळच्या दुसऱ्या टोकास पाहावयास मिळते. शहराबाहेर केरवा येथे मध्य प्रदेशाचे वनखाते आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी उभारलेले गिधाड संवर्धन व प्रजनन केंद्र आहे. एके काळी भारताच्या आकाशात अगणित असलेला हा पक्षी पिंजऱ्यात जपून वाढविण्याची पाळी का यावी? पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. प्रारंभी कोणी साथीच्या रोगाला दोष दिला, कोणी कीटकनाशकांना. अखेर २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून खरे कारण उघडकीस आले. आजारी गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक टोचले जाई. अशा गुराचे प्रेत खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि त्याच्या यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचे. पशुवैद्यकांनी या विकाराला दिलेले नाव आहे ‘अंतर्गत अवयवांचा गाउट’. माणसाच्या अंगठ्यातला गाउट शमविण्यासाठी जे औषध दिले जाते, त्याच औषधाने गिधाडे गाउट होऊन मेली!

पक्ष्याचे शरीर निराळे, माणसाचे निराळे, हे आम्ही जाणतो. डायक्लोफिनॅकची जी अल्प मात्रा गिधाडाला मारक ठरते ती निरोगी माणूस सहज पचवितो. ही गोष्ट येथे सांगितली ती कोणाला भिवविण्यासाठी नाही. वेदनाशामकाचा मूत्रपिंडांशी असलेला संबंध तिने जितका उघड केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल, म्हणून ती सांगितली. आपल्या सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचतात हे ध्यानी आल्यावर २०१५ साली कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली. २०२३ साली एसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेन यांचाही जनावरांसाठी वापर थांबविला. गिधाडांसाठी एवढी जागरूकता दाखविली गेली, हे उचितच झाले. माणसाच्या वाट्याला तेवढी तरी यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

हा संबंध नेमका काय आहे, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात दाह चेतवितात. पण तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच अडवितात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एकाच गोळीने वेदना थांबावी, पोटात व्रण व्हावा आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आटावा, याचे रहस्य येथे आहे. तरुण, धडधाकट माणसाला चार दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. पण ज्याची मूत्रपिंडे आधीच क्षीण आहेत, जो उन्हात राबून किंवा जुलाबाने सुकला आहे, त्याचे तसे नसते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनच्या जातीचे औषध आणि लघवीची गोळी या दोन्ही ज्याला चालू आहेत, त्याच्या बाबतीत तिसरी वेदनाशामक गोळी ही उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी ठरू शकते. हृदयाचेही तसेच. रोफेकॉक्सिब हे जगभर खपलेले औषध हृदयविकाराचा धोका वाढविते असे सिद्ध झाल्यावर २००४ साली मागे घ्यावे लागले. गंभीर हृदयरोग असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये, असे युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली बजावले.

मग गाउटच्या रुग्णाने करावे काय? पहिली गोष्ट, दुखणे गाउटचेच आहे याची एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. तापासह एखादा सांधा लाल होऊन सुजला तर तो जंतुसंसर्गही असू शकतो आणि त्यात घालविलेला प्रत्येक दिवस सांध्याच्या मुळावर येतो. भडक्याच्या वेळी रक्तातील युरिक आम्ल प्रमाणात दिसू शकते, म्हणून केवळ त्या एका आकड्यावर निदान उडवून लावू नये. दुसरी गोष्ट, एका वेळी एकच दाहशामक गोळी घ्यावी, तीही अन्नाबरोबर, आणि पट्टीवरील मोठ्या अक्षरांतल्या नावापेक्षा खालचे बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचावे. पोटात व्रण झालेले, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी चिठ्ठीवाचून या गोळ्यांना हातही लावू नये. मात्र डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी आपल्या मनाने बंद करणे हाही अविचारच होय. काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे, लघवी घटणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.

ज्यांना या गोळ्या वर्ज्य आहेत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. कोल्चिसीन आणि स्टिरॉइडचा अल्पकालीन उपचार हे तुल्यबळ पर्याय आहेत. पूर्वी कोल्चिसीन जुलाब होईपर्यंत देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १.८ मिलिग्रॅमची अल्प मात्रा ४.८ मिलिग्रॅमइतकीच गुणकारी आणि कितीतरी कमी त्रासदायक आढळली. अर्थात मूत्रपिंड क्षीण असल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असल्यास हेही औषध घातक ठरू शकते. तेव्हा ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. पाय उंचावर ठेवून विश्रांती घेणे आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावणे यांस मात्र कोणाची चिठ्ठी लागत नाही. ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चमत्कारी गोळ्यांपासून तर चार हात दूरच राहावे. अशाच एका सांधेदुखीवरील उत्पादनात छुपे डायक्लोफिनॅक आणि स्टिरॉइड सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली दिला होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वेदनाशामक गोळी भडका विझविते, साचलेले स्फटिक हलवीत नाही. ज्याला वारंवार भडके उडतात त्याने ॲलोप्युरिनॉलसारख्या औषधाने युरिक आम्ल डेसिलिटरला सहा मिलिग्रॅमच्या खाली राखणे आणि ते औषध भडक्यातही न सोडणे, हा खरा उपाय. आपल्याकडे दुखणे थांबले की रोग गेला, अशी समजूत आहे. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी येते, दर खेपेस मूत्रपिंडांची थोडी झीज होण्याचा धोका पत्करला जातो आणि त्यांची शक्ती घटली की युरिक आम्ल आणखी साचते. हे चक्र तोडणे रुग्णाच्या हाती आहे, पण त्याला ते कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

येथे शासनाच्या आणि औषधविक्रेत्यांच्या जबाबदारीचा प्रश्न उपस्थित होतो. १९४५ च्या औषध नियमांतील परिशिष्ट एच काय सांगते? त्यातील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत. डायक्लोफिनॅक त्या परिशिष्टात आहे. २०१५ च्या फार्मसी व्यवसायविषयक नियमांनी रुग्णाला सल्ला देणे हे औषधविक्रेत्याच्या कर्तव्यांत घातले आहे. कायदा पुस्तकात आणि पट्टी गल्ल्यावर, अशी आजची स्थिती आहे. गोमंतकात काणकोण तालुक्यातील मूत्रपिंडविकार हा अनेक वर्षे चिंतेचा विषय बनून राहिला आहे. त्याची कारणे काहीही असोत, अशा भागात तरी वेदनाशामकांच्या मोकाट विक्रीकडे डोळेझाक होता कामा नये. औषध प्रशासनाने दुकानांची तपासणी करावी, हे झालेच. त्याबरोबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रिएटिनिनची तपासणी सुलभ करावी आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना निदान दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: “रक्तदाबाची गोळी चालू आहे काय? मूत्रपिंडाचा वा पोटाचा काही त्रास?” या दोन प्रश्नांना अर्धे मिनिट पुरते. गोळीने अपाय झाल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणाही नागरिकाला कळविता येते, ही माहितीही दुकानादुकानांत लागली पाहिजे.

केरवाच्या केंद्रात वाढलेली सहा गिधाडे २०२५ साली हलाली धरणाच्या परिसरात मोकळ्या आकाशात सोडण्यात आली. एका औषधाच्या अविचारी वापराने झालेली हानी भरून काढण्यास किती माणसांचे किती वर्षांचे श्रम लागतात, याची ती सहा पक्ष्यांची साक्ष आहे. माणसाचे निकामी झालेले मूत्रपिंड मात्र कोणत्याही केंद्रात पुन्हा वाढविता येत नाही. आनंदनगरातील आमचे आप्त आता रक्तदाबाची बदललेली गोळी आणि ॲलोप्युरिनॉल नियमाने घेतात. आपल्या औषधांची यादी ते खिशात बाळगतात आणि दुकानदाराने विचारले नाही तरी ती त्याच्यापुढे ठेवतात. गाउटच्या प्रत्येक रुग्णाने एवढे जरी अंगीकारले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.