लहरी आपल्या, मग निर्णय आपल्याला न विचारता कसे?

पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा. विषय टीव्हीचा असला तरी मालिकांचा नाही, हक्काचा आहे.

छपरावरचे अँटेना भंगारात गेले. २०२१-२२ मध्ये प्रसार भारतीने दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं, मोजकी पन्नासेक सोडून, बंद केली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते तंत्र जुनं झालं होतं, वीज खात होतं. अमेरिकेने ते २००९ मध्ये बंद केलं, ब्रिटनने २०१२ मध्ये. पण तिथे आधी डिजिटल प्रक्षेपण घरोघरी पोचवलं, मग जुनं बंद केलं. आपल्याकडे जुनं गेलं, आणि नवं?

नवं आलं होतं की! फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद धरून १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या मानकाचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं. साधा अँटेना, पाच चॅनेल, ना केबलचं बिल ना डेटा पॅक. डोंगल लावून मोबाईलवरही दिसायचं. २०१७ मध्ये ट्रायने शिफारस केली की खाजगी कंपन्यांनाही यात येऊ द्या आणि २०२३ अखेरपर्यंत देशभर टप्प्याटप्प्याने हे काम पुरं करा. २०२३ आलं आणि गेलं. आमच्या तालुक्यात काही पोचलं नाही. दुकानात टी२ ट्यूनर आहे का विचारलं, तर पोरगा म्हणाला, "काका, ते काय असतं?" त्याचा काय दोष? सांगितलंच नाही कुणी.

आता नवी टूम आहे डी२एम, म्हणजे इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर टीव्ही. कल्पना चांगली आहे, पण तिचं मानक वेगळं, एटीएससी ३.०. फोनमध्ये वेगळी चिप लागणार, फोन महागणार, म्हणून मोबाईल कंपन्यांचा विरोध. म्हणजे पहिला डाव अर्धा टाकून दुसरा मांडायचा. पहिल्यावर झालेल्या खर्चाचा हिशोब कोण देणार?

काहीजण म्हणतील, "फ्री डिश आहे ना फुकट!" आहे, आणि चांगली आहे. पण कोकणात राहणाऱ्याला विचारा. आषाढात धो धो लागला की डिशचा सिग्नल जातो, पडद्यावर नुसते चौकोन. नेमकी पुराची बातमी हवी तेव्हाच! शिवाय उपग्रहावरून अख्ख्या देशाला एकच प्रक्षेपण. वाशिष्ठीचं पाणी वाढतंय, बाजारपेठ रिकामी करा, हे फक्त चिपळूणला सांगायचं तर डोंगरावरचं केंद्रच हवं, जनरेटरसकट. २२ जुलै २०२१ आठवा. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. जमिनीवरून येणाऱ्या या लहरींना पावसाची तेवढी बाधा होत नाही, आणि बॅटरीवरच्या छोट्या संचालाही त्या पुरतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट सांगितलंय की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मालक आपण. मग मालकाला विचारणार कधी?

माझं मागणं साधं आहे.
१) कुठलं का असेना, एक मानक ठरवा आणि दहा वर्षं त्याला चिकटून राहा.
२) विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत त्याचा ट्यूनर सक्तीचा करा.
३) कुठल्या जिल्ह्यात कधी सुरू होणार, ते तारखेसह जाहीर करा.
४) पूर आणि वादळाच्या सूचना मराठीत, जिल्ह्यापुरत्या द्या.

आपले खासदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ता, पाणी विचारतोच आपण. यावेळी हेही विचारा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा. पण गप्प बसू नका!