खिडकीमागे माणूस हवा

फराळाच्या ताटाशी ग्रंथालयाचा विषय काढणे कुणाला रुचणार नाही. परंतु ज्या घरातला मुलगा वा मुलगी विद्यापीठात शिकते आहे, त्या घराने तरी हे चार शब्द ऐकावेत.

ग्रंथपालाला विचारायचा प्रश्न घरबसल्या संगणकावरून वा मोबाइलवरून विचारावा, अशी सोय विद्यापीठांनी केली आहे. तिला ‘आभासी संदर्भसेवा’ असे भारदस्त नाव आहे. ही काही आजची टूम नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे मेरिलंड विद्यापीठाच्या आरोग्यविषयक ग्रंथालयाने १९८४ सालीच ईमेलने प्रश्न घेण्यास आरंभ केला. पुढे अनेक ग्रंथालये एकत्र आली आणि एकाचे दार रात्री बंद झाले, तर दुसऱ्या गावचा ग्रंथपाल उत्तर देऊ लागला. सोय उत्तम! तिला नावे ठेवील तो करंटा.

माझे भांडण आहे ते तिच्या मोजमापाशी. प्रश्न किती आले, उत्तर किती सेकंदांत गेले, याचे तक्ते मांडायचे आणि म्हणायचे, “सेवा परिणामकारक!” अहो, खानावळीत किती ताटे उठली, यावरून कुणाचे पोट भरले हे कळते काय?

विद्यार्थी विचारतो, “पानिपतावर पुस्तक आहे का?” चांगला ग्रंथपाल लगेच कपाटाकडे धावत नाही. तो म्हणतो, “कुठले पानिपत, बाळ? १५२६चे, १५५६चे की १७६१चे?”

“भाऊसाहेबांचे.”

“त्यातले काय हवे?”

“सैन्याची उपासमार का झाली, ते.”

आता कुठे खरा प्रश्न जन्माला आला! ओठांवरचा प्रश्न आणि मनातला प्रश्न यांत अंतर असते, हे रॉबर्ट टेलर यांनी १९६८ सालीच सांगून ठेवले आहे. संगणकाच्या खिडकीत तर चेहऱ्यावरचा गोंधळही दिसत नाही. म्हणजे तेथे उलट प्रश्न दुप्पट हवेत. आणि नेमके तेच घाईत गळतात.

कुणी म्हणेल, समोर बसलेला ग्रंथपाल तरी चुकत नाही काय? चुकतो! हर्नन आणि मॅकक्लुअर यांनी १९८६ साली दाखवले, की साध्या माहितीच्या प्रश्नांनाही सुमारे ५५ टक्केच उत्तरे बरोबर मिळतात. पण त्यावर औषध घाई नव्हे. नीट ऐकणे हे आहे.

आता माणसाच्या जागी यंत्र बसवण्याचे घाटते आहे. ते चटकन बोलते, आणि अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे नावही बेधडक सांगते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५००० डॉलरांचा दंड ओढवून घेतला. तेथे चूक पकडायला न्यायाधीश होता. विद्यार्थ्याची चूक कोण पकडणार?

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतले चौथे, वाचकाचा वेळ वाचवा. नसलेला ग्रंथ धुंडाळण्यात गेलेला दिवस हा कुठल्या हिशेबाने वाचलेला वेळ?

शहरातला मुलगा उठून ग्रंथालयात जाईल. परंतु दूरच्या तालुक्यात, घरकाम आवरून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलीला ती खिडकी हेच ग्रंथालय आहे. म्हणून खुशाल यंत्रे आणा, पण “बाळ, तुला नेमके काय हवे?” असे विचारणारा माणूस तिथून उठवू नका.