गाडीची वैरण

वर्षभर या सदरातून मी वाचकांना भाषेच्या आणि संसाराच्या चार गोष्टी सांगत आलो. विजेच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला मुळीच नाही. दिवे गेले की मेणबत्ती शोधायची आणि ती सापडेपर्यंत दिवे यायचे, इथवरच माझं विद्युतशास्त्र. पण गेल्या वर्षी आम्ही विजेवर चालणारी एक छोटी मोटार घेतली आणि तेव्हापासून आमच्या घरात मराठीपेक्षा अँपिअरचीच भाषा अधिक बोलली जाऊ लागली. यंदाच्या दिवाळीआधी आमच्या घरी जो वाद रंगला, तो साडीचा नव्हता की फराळाचा नव्हता. तो होता एका केबलचा.

त्याचं असं आहे, की सोलापुरात या गाडीची काहीच तक्रार नाही. इमारतीच्या खाली, आमच्या जागेत भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवून घेतली आहे. रात्री गाडी गव्हाणीला बांधावी आणि सकाळी तिचं पोट भरलेलं असावं, इतकं सोपं काम. कॉलेज, भाजीबाजार, सिद्धेश्वराचं दर्शन, एखाद्या रविवारी तुळजापूर, सगळं निर्वेध पार पडतं. अडचण लांबच्या गावाची. भिंतीवरची पेटी भिंतीवरच राहते. बाहेरगावी सोबत न्यायची केबल वेगळी विकत घ्यावी लागते. तिच्या एका टोकाला आपला गीझरचा असतो तसा तीन पायांचा जाड प्लग, मध्ये एक लहानशी डबी आणि दुसऱ्या टोकाला गाडीत बसणारं सात छिद्रांचं तोंड. किंमत वीस हजारांच्या घरात.

सौभाग्यवतींनी हिशेब मांडला. त्यांचे हिशेब खोडणं आजवर मला जमलेलं नाही.

"अहो, वर्षातून चार वेळा आपण लांब जातो. पाच वर्षांत वीस खेपा. म्हणजे एका खेपेला हजार रुपये नुसते त्या दोरीचे! महामार्गावर जलद चार्जिंगची केंद्रं झाली आहेत. तासाभरात गाडी भरते, तेवढ्यात आपला चहा होतो. हिला किती वेळ लागतो?"

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "२३० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर, म्हणजे ताशी साडेतीन युनिटच्या आसपास. आपली बॅटरी २४ युनिटांची. रिकामी असली तर आठनऊ तास."

"म्हणजे रात्रभर! ज्याच्याकडे जाऊ त्याच्याकडे मुक्कामच ठोकायचा म्हणा की!"

हे वाक्य त्या थट्टेने बोलल्या, पण माझ्या मनात ते रुतून बसलं. खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं आम्ही कुणाकडे मुक्काम केलेलाच नाही. जातो, चहा घेतो, "निघायला हवं, उजेडात पोचलेलं बरं" असं म्हणतो आणि निघतो. आमच्याकडे येणारेही तसेच. पाहुण्यांसाठी घेतलेल्या सोलापुरी चादरींच्या घड्या आमच्या कपाटात वर्षानुवर्षं मोडलेल्या नाहीत.

वाद मिटेना, तेव्हा आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. "माझी केबल घेऊन जा, वापरून पाहा, मग ठरवा." नवरात्रातला शनिवार-रविवार गाठून आम्ही करमाळ्याला, माझ्या थोरल्या आत्याकडे निघालो. करमाळा आमच्याच जिल्ह्यातलं, पण पार उत्तरेच्या टोकाला. टेंभुर्णीवरून जायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पोचलो तेव्हा बॅटरीत एकतृतीयांश चार्ज उरला होता.

आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. मुलगा पुण्याला. जुन्या दगडी घरात ती एकटी राहते आणि एकटी राहते असं कुणी म्हटलेलं तिला खपत नाही. "कमलाभवानी आहे की शेजारी," म्हणते. जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी ओसरीतल्या पाण्याच्या मोटारीच्या प्लगमध्ये केबल बसवली. आम्ही सगळे ओवाळणीला उभे राहावं तसे भोवती उभे. डबीवरचा दिवा लागला. लाल!

काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा लाल. आत्या काठी टेकत पुढे आली. गाडीकडे पाहून म्हणाली, "काय रे, तुझ्या गाडीला आमच्या घरचं अन्न चालत नाही का?"

आम्ही हसलो, पण मी मनातून खट्टू झालो. चिरंजीवांनी समजावून सांगितलं, की ती डबी नुसती शोभेची नसते. वीज सोडण्याआधी ती गाडीशी बोलते, किती अँपिअर द्यायचे ते ठरवते आणि घराला नीट अर्थिंग आहे की नाही ते तपासते. प्लगचा तिसरा पाय जाड आणि लांब असतो, तो यासाठीच. आत जाताना तो सगळ्यांआधी टेकतो आणि बाहेर येताना सगळ्यांनंतर सुटतो. वीज वाट चुकून गाडीच्या पत्र्यात उतरली, तर या पायावाटे जमिनीत जावी आणि तिथल्या तिथे पुरवठा बंद पडावा, अशी योजना. इथे जमिनीपर्यंतची वाटच नव्हती, म्हणून दिवा लाल.

"सोड," मी म्हणालो. "सकाळी निघू आणि महामार्गावर भरून घेऊ." सौ. काही बोलल्या नाहीत. हिशेब त्यांच्या बाजूने सुटला होता.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर आत्या लाकडी पाटावर उभी. हाताला कोरडं फडकं गुंडाळलेलं आणि त्या हाताने ती फ्रिज उघडत होती.

"आत्या, हा काय प्रकार?"

"काही नाही रे, तो जरा चावतो. पावसाळ्यात जास्त. आता सवय झालीय मला."

वाचकहो, मी जागच्या जागी थंड पडलो. गाडीच्या डबीने रात्री जे सांगितलं, तेच तो फ्रिज केव्हापासून सांगत होता. गाडीला नको असलेली वीज आत्या अंगावर घेत होती आणि आम्ही तासाभराचे पाहुणे, चहाचं दूध त्याच फ्रिजमधून तिलाच काढायला लावून, उजेडात पोचण्यासाठी निघून जात होतो.

निघायचं रहित केलं. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, मागे परसात गेला आणि एक तुटकी तार उपटून दाखवली. अंगणात फरशी बसवताना अर्थिंगची तार कुणाच्या तरी कुदळीखाली आली होती. माणूस हुशार होता. म्हणाला, "साहेब, घाई असेल तर प्लगमध्येच तिसरा पाय न्यूट्रलला जोडून देतो. पाच मिनिटांत दिवा हिरवा."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? सोमवारी पहिलाच तास माझा होता. पण आमच्या सहकाऱ्यांना फोन लावला, तर ते जवळजवळ ओरडलेच. "मुळीच नाही! दिवा हिरवा होईल, पण तो खोटं बोलेल. उद्या न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होईल. हात लावणारा जागचा हलणार नाही." डबीची नजर चुकवणं म्हणजे तापमापक बर्फात बुडवून ताप उतरला म्हणण्यासारखं, हे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही कळलं.

मग परसात खड्डा खणला. लोखंडी नळी उभी केली. तिच्याभोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. आत्या ओट्यावर बसून पाहत होती. "मीठभाकर घालताय होय रे जमिनीला," म्हणाली. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, ओली माती वीज लवकर पोटात घेते, म्हणून उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत राहायचं, हे वायरमनने तिला समजावलं. गाडीच्या प्लगला जाड तार ओढली, तिला वेगळा स्विच दिला आणि घराला, गळती होताच वीज तोडणारं यंत्र बसवलं. फ्रिजच्या आतली खराब झालेली वायर बदलली. खर्च केबलच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. सौ.नी पैसे मोजून दिले आणि पहिल्यांदाच कशाला कितीने भागलं नाही.

रविवारी रात्री दिवा हिरवा झाला. आत्या रात्रीतून तीनदा बॅटरी घेऊन तो पाहायला उठली आणि दर वेळी मीही जागा झालो. तिसऱ्या खेपेला आम्ही ओसरीवरच बसलो. ती तिच्या लग्नाची वरात, माझ्या वडिलांचा हूडपणा, माझ्या आजोबांच्या दारातली बैलजोडी असं काहीबाही सांगत राहिली. त्यातलं निम्मं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. महामार्गावरच्या तासाभराच्या चहात ते मला कुणी सांगितलं नसतं.

पहाटे गाडी भरली. अठराएक युनिटं लागली असावीत. वीजबिलाचे म्हणून मी दोनशे रुपये पुढे केले, तशी ती चिडली.

"माझ्या बापाच्या दारात पाहुण्याचे बैल कधी उपाशी बांधले नाहीत. वैरणीचे पैसे घेतात होय कुणी?"

सोमवारचा पहिला तास मी वेळेवर घेतला.

आता केबलचं. हा लेख वाचून कुणी लगेच दुकानात धावू नये. १५ अँपिअरच्या घरगुती प्लगवर मोटार चारणं काही नवं नाही. बंगळूरची 'रेवा' २००१ साली आली तीही अशाच प्लगवर चरायची. पण ज्यांच्याकडे जाऊन केबल लावायची, त्यांच्या घराचं अर्थिंग आणि वायरची जाडी जाणत्याकडून आधी तपासून घ्यावी. तीन हजारांवर वॅट आठ तास वाहणार, तर जुनी बारीक तार तापणारच. एक्स्टेन्शन बोर्डावर तर ही केबल कधीच लावू नये. आणि ज्यांना कुठेच मुक्काम करायचा नाही, त्यांनी ती घेऊ नये. त्यांना महामार्गावरचा एक तास पुरेसा आहे.

उत्तरपत्रिका तपासल्याचं मानधन नुकतंच हाती आलं होतं. सौ.ना घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने पाच मीटरची केबल पुढे ठेवली. मी खिशात हात घातला, एवढ्यात सौ. म्हणाल्या,

"यापेक्षा लांब नाही का? आत्याबाईंच्या ओसरीपासून गाडीपर्यंत मी पावलं मोजून आले आहे. ही पुरायची नाही."