सत्कारापूर्वी हिशेब

बेळगावातील लहान, स्वतंत्र दुकानदार व कारागीर यांचा गौरव समारंभ आपल्या संघाने भरवावा, ही कल्पना सर्वांस पसंत पडली आणि गेल्या वर्षी तो समारंभ थाटाने पारही पडला. त्यामागील हेतूविषयी आमचा यत्किंचितही मतभेद नाही. रविवार पेठेतील आमच्यासारख्या धान्याच्या घाऊक पेढ्या ज्यांच्या जिवावर चालतात, ते हेच लोक होत : गल्लीबोळांतील किराणा दुकानदार, पिठाची गिरणी चालविणारे, घरी पापड करून विकणाऱ्या भगिनी, बारदान सांधून देणारे कारागीर. प्रचंड भांडवलाची दुकाने आणि घरपोच माल पोचविणाऱ्या कंपन्या यांच्यापुढे ते तग धरून आहेत, हेच मुळी अभिनंदनीय आहे. तथापि सभागृह घेतले व शाल-श्रीफळ आणले म्हणजे यजमानपद सिद्ध होत नाही, हे आम्हांस त्या रात्री कळून चुकले.

स्वागत समितीचे सभासद या नात्याने एका बारदान दुरुस्त करणाऱ्या कारागिरास शाल पांघरण्याचा मान आमच्याकडे आला होता. टाळ्या झाल्या. खाली उतरताना त्याने हात जोडून हळूच म्हटले, “शेटजी, तेवढं आमचं भाद्रपदातलं बिल बघा की.” समारंभ मार्गशीर्षातला होता. रक्कम बारा हजारांच्या आतली. पण ती आमच्याच पेढीत अडकली होती. मुनीमजींच्या नजरेतून निसटले, ही सबब आम्ही स्वतःपुढेदेखील धडपणे मांडू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी पेढी उघडताच पैसे चुकते केले. परंतु बाजारच्या दराने त्या रकमेच्या तीन महिन्यांच्या व्याजात तशी एक शाल सहज आली असती, हा विचार मनातून जात नाही.

नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांस व सेवा देणाऱ्यांस लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असे २००६ च्या कायद्याने ठरविले आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याजही लागू होते. परंतु गिऱ्हाईक तुटेल या भयाने लहान माणूस तक्रारीस जात नाही. व्यापाऱ्यांस २०२१ पासून ही नोंदणी करता येऊ लागली, ती मुख्यतः बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. विलंबित देण्याविरुद्धचे हे संरक्षण किराणा दुकानदारास लाभले नाही. म्हणजे जेथे कायदा पोचत नाही तेथे आपली दानतच पोचली पाहिजे. यास्तव आमची पहिली सूचना अशी की, समारंभापूर्वी प्रत्येक सभासदाने लहान लोकांची थकलेली बिले चुकती करावीत, आणि ज्याच्याकडे ४५ दिवसांवरचे देणे असेल त्याने व्यासपीठावर बसू नये.

दुसरा प्रश्न निवडीचा. केवळ उलाढाल पाहिली तर लहानांतला मोठा तेवढा निवडला जाईल. स्मरणिकेस जाहिरात देणाऱ्याचे आभार अवश्य मानावेत. परंतु जाहिरातीचे पान आणि मानपत्र यांचा सौदा एकत्र होऊ नये, व देणगीदाराने परीक्षक होऊ नये. निकष शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनेमापे वापरणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळून तो चांगला म्हणून देणे, हे त्यांपैकी दोन होत. दुकानी जाऊन तराजूवरची मोहोर मुदतीतील आहे की नाही, हे पाहावे. त्याच्या गिऱ्हाइकांस, नोकरांस आणि त्यास माल देणाऱ्यांस विचारावे. यास खर्च येत नाही. पायपीट मात्र करावी लागते.

तिसरी गोष्ट वेळेची. दिवेलागणीचा काळ हाच छोट्या दुकानाच्या विक्रीचा काळ. एकट्याने दुकान चालविणाऱ्याने सत्कारासाठी फळी लावून यावे, म्हणजे सन्मानाची किंमत त्यानेच मोजावी, असे होते. त्यातच भाषणे लांबली. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेले आपले कित्येक बंधू व पाहुणे त्या दिवशी उपाशीपोटी परतले. भोजन मांडून पाहुणा उपाशी जावा, हे कोणते आतिथ्य? बाजार बंद असेल त्या दिवशी दुपारी दोन वाजता आरंभ करावा, भाषणे दोनच ठेवावीत आणि दिवस असताना पंगत उठवावी.

इतक्या साधेपणाने समारंभाची शोभा जाईल, असे काही बंधू म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे पैसे वेळेवर पोचले, ज्याचे दुकान बुडाले नाही आणि जो जेवून तृप्त मनाने घरी गेला, त्याच्या मुखावरील समाधानाहून अधिक शोभा कोणत्या रोषणाईने येणार? यंदाच्या समितीने याचा विचार करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही लेखणी आवरती घेतो. जय जिनेंद्र.