बॅटरी बदलण्यापूर्वी

तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्याजवळ ज्यांची घरे आहेत त्यांना खाऱ्या वाऱ्याचे प्रताप सांगायला नकोत. खिडकीचे गज आणि सायकलची साखळी ज्याच्या तावडीतून सुटत नाही, त्याने दारातली पंधरा वर्षांची जुनी मोटार तरी का सोडावी? पावसाळी सकाळी किल्ली फिरवावी, 'टक' असा एकच आवाज यावा आणि गाडी गप्प! घरातले म्हणतात, "सेल्फ घेत नाही." शेजारी म्हणतात, "बॅटरी गेली." दुपारपर्यंत बोईसरहून नवी बॅटरी येते, काही हजार रुपये जातात, गाडी सुरू होते आणि शेजाऱ्यांचे निदान खरे ठरते.

खरेच ठरते का? नवी बॅटरी बसवताना कारागिराने आणखी एक काम केले, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. तारांच्या टोकांवरच्या पकडी त्याने पॉलिश पेपरने घासल्या आणि घट्ट आवळल्या. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. मग गाडी कोणत्या गोष्टीमुळे सुरू झाली, हे कसे सांगणार? प्रयोगशाळेत असा निष्कर्ष कोणी काढला तर मी त्याची वही परत करतो. दारात मात्र आपण तो पैसे मोजून मान्य करतो.

बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर पांढरा-हिरवा क्षार साचलेला तुम्ही पाहिला असेल. समजा, त्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे. शाळेत आपण एवढा रोध जमेसही धरत नाही. समोरचे दोन्ही दिवे लावले की सुमारे १० अँपियर प्रवाह वाहतो. ओहमच्या नियमाने जोडावर ०.२ व्होल्ट खर्च होतात आणि दिवे झकास लागतात. हॉर्नही वाजतो. पण सेल्फची मोटर इंजिन फिरवू लागली की १०० अँपियर किंवा त्याहून अधिक प्रवाह मागते. आता त्याच जोडावर २ व्होल्ट जातात. शिवाय तेथे २०० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून जाणता मिस्त्री दोन-तीन प्रयत्नांनंतर किल्ली बंद करतो आणि जोडांना हात लावून पाहतो. जो जोड तापला तो गुन्हेगार!

आणि गाडी बंद असताना मीटर लावाल तर? प्रवाह जवळजवळ शून्य, म्हणून जोडावरचे नुकसानही शून्य. मीटर इमानदारीने १२.६ व्होल्ट दाखवील. मीटर खोटे बोलत नाही, आपणच त्याला भलत्या वेळी प्रश्न विचारलेला असतो. त्याचे एक टोक शिशाच्या खुंटावर आणि दुसरे त्याच खुंटावरच्या पकडीवर ठेवा, आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या अगदी जवळ राहील. एक-दोन व्होल्ट दिसले तर बॅटरीला दोष देऊ नका. जोड चांगले असून बॅटरीच्याच दोन खुंटांमधले विभवांतर त्या वेळी नऊ-साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरले, तर मात्र बॅटरी उतरलेली तरी आहे, नाही तर म्हातारी झाली आहे.

कधी एका 'टक'ऐवजी 'टकटकटक' अशी माळ लागते. मला तो आवाज फार आवडतो (गाडीवाल्याला आवडत नाही, हे उघड आहे). सेल्फवरचे विद्युतचुंबक मोटरचा जाड स्पर्शक जोडते. लगेच मोठा प्रवाह वाहतो, विभवांतर कोसळते, चुंबक दुबळे होते आणि स्प्रिंग स्पर्शक सोडवते. प्रवाह थांबला की विभवांतर पुन्हा वर येते, आणि चुंबक पुन्हा ओढते! बॅटरी उतरली असेल किंवा जोड सैल असेल तर हा खेळ चालतो. याउलट दिवे लावून किल्ली फिरवली आणि ते जराही मंद झाले नाहीत, तर प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतच नाही. मग किल्लीचा स्विच, चुंबक, वायर यांकडे वळावे. आणि इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल तर सेल्फ निर्दोष आहे. ठिणगी किंवा पेट्रोल कमी पडते आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या पद्मिनी टॅक्सीचे चालक पावसात डिस्ट्रिब्युटरचे झाकण कोरड्या फडक्याने पुसत, ते याचसाठी.

मोटारीच्या बॅटरीची एक मोठी गोष्ट सांगतो. मार्च २०११ मध्ये त्सुनामीमुळे जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्राची वीज गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि अणुभट्टीतील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मापकांना जोडल्या. त्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या होत्या. तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच प्रकारच्या. एवढ्या संकटात आधी हवे होते ते मोजमाप. पहिल्या भट्टीचे मापक चुकीची पातळी दाखवत होते, हे पुढे उघड झाले. म्हणजे आकडा मिळाला तरी तो कसा आला, हे विचारावेच लागते.

आपल्या शाळांतून हेच शिकवले जात नाही, अशी माझी तक्रार आहे. प्रात्यक्षिकाला सगळे जोड चकचकीत, घट, तारा सगळे धडधाकट. विद्यार्थ्याने आकडे टिपायचे आणि आलेख काढायचा. बिघडलेले मंडल त्याच्यापुढे कधी येतच नाही. मग मोठेपणी तो आख्खी बॅटरी फेकतो. त्या बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, आणि ते भलत्या ठिकाणी वितळवले गेले तर आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते.

शिक्षक म्हणतील, मुलांना गाडीला हात लावू देणे धोक्याचे आहे. धोका आहे खराच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्यात आम्ल असते, आणि तिच्या दोन खुंटांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. म्हणून मोठे माणूस जवळ हवे, हातातले कडे-घड्याळ काढलेले हवे, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. तार सोडवताना ऋण बाजूची आधी सोडवावी. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत शेकडो व्होल्ट असतात, तिच्या वाटेला जाऊच नका.

पण प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मोटार कशाला हवी? दोन सेलचा टॉर्चचा बल्ब, तारा, स्विच आणि मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून गंजवलेली पत्र्याची एक पट्टी पुरे. मंडल जोडून ठेवावे, बल्ब मिणमिणता असावा. हातात फक्त व्होल्टमीटर द्यावा, एकही सुटा भाग देऊ नये, आणि विचारावे: व्होल्ट कुठे गळतात? या प्रश्नाला दहा गुण ठेवायला मी आजही तयार आहे.