श्रेयाचा प्रश्न आणि चाहत्यांची दोन मापे

ए. आर. रहमान यांच्या एखाद्या चालीविषयी शंका घेतली गेली, की त्यांच्या चाहत्यांचे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते : २००९ साली २ ऑस्कर मिळविणाऱ्या संगीतकाराला उचलेगिरीची गरजच काय? प्रश्न एका चालीचा असतो. उत्तर मात्र माणसाच्या मोठेपणाचे दिले जाते. 'पोन्नियिन सेल्वन २' (२०२३) या चित्रपटातील 'वीरा राजा वीरा' या गाण्याच्या वादात नेमके हेच घडले.

हे गाणे आपले वडील नासिर फैयाजुद्दीन डागर आणि काका नासिर झहिरुद्दीन डागर यांच्या 'शिवस्तुती'वरून घेतले आहे, असा धृपद गायक उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांचा दावा होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एप्रिल २०२५ मध्ये तो प्रथमदर्शनी मान्य केला. डागर बंधूंना श्रेय द्यावे आणि २ कोटी रुपये न्यायालयात जमा करावेत, असा अंतरिम आदेश झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. एखादी रचना कुणी गायली, एवढ्यावरून ती त्यानेच रचली असे मानता येणार नाही, हा त्यामागील विचार होता.

एप्रिलमध्ये संतापलेल्या चाहत्यांना सप्टेंबरमध्ये रहमान निर्दोष ठरल्याचा आनंद झाला. वास्तविक खंडपीठ उचलेगिरी झाली की नाही या प्रश्नात शिरलेच नव्हते. पण निकालपत्र वाचण्याइतका धीर भक्तीला नसतो.

चाहत्यांचा सारा युक्तिवाद पोकळ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. अडाणा राग कुणाच्या मालकीचा नाही, हे खरेच आहे. राग ही सामायिक भूमी आहे. परंतु वाद रागाविषयी नव्हता, तर त्या रागातील एका विशिष्ट बांधणीविषयी होता. रहमान यांच्या बाजूने मांडलेला मुद्दा अधिक नेमका होता : मूळ रचना पारंपरिक आहे आणि गाण्यात पाश्चात्त्य पद्धतीचे २२७ स्तर आहेत. यावर गंभीर चर्चा होऊ शकली असती. रहमान यांच्या वाद्यमेळातील बारकावे ज्यांना ऐकू येतात, त्या जाणकार चाहत्यांकडून ती अपेक्षित होती. ते बहुतांशी गप्प राहिले, किंवा गर्दीत सामील झाले.

खरी विसंगती दिसते ती इतर २ प्रसंगांत. 'दिल्ली-६'मधील (२००९) 'मसक्कली' हे गाणे एप्रिल २०२० मध्ये नव्या रूपात बाजारात आले, तेव्हा रहमान यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मूळ निर्मितीमागे किती कलावंतांचे किती श्रम होते, हे त्यांनी सांगितले. चाहते त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि ते योग्यच होते. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पिप्पा' चित्रपटासाठी रहमान यांनी काझी नझरुल इस्लाम यांच्या 'कारार ओइ लौहो कपाट' या गीताला नवी चाल दिली. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात संतापाची लाट उसळली. गीत वापरण्यास संमती होती, चाल बदलण्यास नव्हती, असे नझरुल यांच्या कुटुंबातून सांगण्यात आले. निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. या वेळी मात्र अनेक चाहत्यांना कलावंताचे स्वातंत्र्य आठवले. 'मसक्कली'च्या चालीला हात लावणे हा अपराध. नझरुल यांची चाल बाजूला सारणे हा प्रयोग!

मराठी रसिकाला हा प्रश्न नवा नाही. आपले नाट्यसंगीत बंदिशींवरच पोसले गेले. 'स्वयंवर'मधील (१९१६) भास्करबुवा बखले यांच्या चाली ऐकताना मूळ चीज ओळखण्यात जाणकारांना आनंदच वाटे. त्यामुळे ना बुवांचे मोठेपण उणावले, ना पदांची गोडी. शिवाय संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द देण्याची प्रथाच होती. मूळ बंदिश बांधणाऱ्याचे नाव त्यातही बहुधा नसे, हा भाग वेगळा.

'वीरा राजा वीरा'च्या श्रेयनामावलीतही 'डागरवाणी परंपरेतील धृपदावर आधारित' असा उल्लेख आधीपासून होता. म्हणजे ऋण अमान्य नव्हतेच; ते परंपरेचे की २ गायकांचे, एवढाच तंटा होता. आपल्या संगीतकाराने स्वतःच मान्य केलेली ही ओळ त्याच्या बचावात प्रथम पुढे करावी, असे फारच थोड्या चाहत्यांना सुचले.