कोपीतल्या बाळाचा ताप

दसरा-दिवाळी सरली की बीड, जालना, धाराशिव जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची गणना होते. उचल घेतलेली असल्याने गर्भवतीलाही फड सुटत नाही. कित्येकदा बाळंतपणही कोपीतच होते. मातृत्वाचे गोडवे गाणाऱ्या समाजाची कसोटी अशा कोपीपाशीच लागते.

या मातेच्या रक्तात हिवतापाचे परजीवी असतील, तर ते वारेतून अथवा प्रसूतीच्या वेळी बाळाच्या रक्तात उतरू शकतात. बाळाला डास चावलेलाही नसतो; तरी पहिल्या काही आठवड्यांत ताप, रक्तक्षय, कावीळ अशी लक्षणे दिसू लागतात. नवजात बालकाच्या अन्य जंतुसंसर्गातही हीच लक्षणे असल्याने निदान चुकण्याचा संभव मोठा. उपाय मात्र साधा आहे: माता आणि बाळ, दोघांचीही रक्ततपासणी. मातेकडून आलेल्या या रोगात बाळाच्या यकृतात परजीवी दडून राहत नाहीत. मातेचे तसे नाही. व्हायवॅक्स प्रकारात ते यकृतात सुप्त राहतात आणि त्यांना नष्ट करणारे प्रायमाक्विन गरोदरपणी देता येत नाही. ताप उतरून ती दुसऱ्या फडावर गेली, तरी रोग पुन्हा उलटू शकतो.

देशातील हिवतापाचे रुग्ण २०१५ मधील ११.६९ लाखांवरून २०२३ मध्ये २.२७ लाखांवर आले, ही निःसंशय अभिमानाची गोष्ट होय. २०३० पर्यंत उच्चाटनाचा संकल्पही आहे. परंतु रोग विरळ झाला की त्याविषयीची सावधताही विरळ होते. जिची नोंद एका जिल्ह्यात आणि वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात, ती माता सर्वप्रथम नजरेआड होते. स्पेनमधील कॅटालोनिया प्रांताने २०१० पासून लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गर्भवतींची चागास या परजीवी रोगासाठी तपासणी सुरू केली. परदेशातून आलेल्या मातेची एवढी चिंता तेथे वाहिली जाते. मग आपल्याच राज्यातील मातेची आपण का वाहू नये?

गळीत हंगामाच्या आरंभीच प्रत्येक टोळीतील गर्भवतींची यादी कारखान्याने मुकादमाकडून घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी. ताप येताच रक्त तपासले जावे. निष्कर्षाची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर व्हावी आणि ती माता गावी परतताच तेथील आशा कार्यकर्तीने ती पाहावी. टनाटनाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कारखानदारीला एवढी यादी ठेवणे अवघड नाही.